बाईंच्या अक्षरातली पत्रिका

नाचणगावच्या चौकात हेमराजचं डीटीपीचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या दोन गोष्टी पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. एक हेमराजचा उशीर आणि दुसरी हेमराजचं अक्षर. पत्रिका वेळेवर म्हणून कधी मिळायची नाही. पण मिळाली की माणूस उशीर विसरायचा, कारण ती छापलेली वाटायचीच नाही. कुणी तरी निवांत बसून, आपल्यासाठीच हाताने लिहून दिली आहे असं वाटायचं. शिरोरेषा उजवीकडे किंचित चढत जायची, वेलांट्या भरल्या अंगाच्या, आणि ‘ण’चा पाय जरासा मुडपलेला. लोक विचारायचे, हे अक्षर कोणाचं? हेमराज माउसवरचा हात न काढता सांगायचा, “आपलंच.”

आता हेमराजचं खरं अक्षर म्हणजे कोंबडीनं शेणात पाय बुडवून अंगणभर फिरावं तसं. शाळेत मास्तरांनी हात टेकले होते. पण कॉम्प्युटरवाल्याला हातानं लिहून दाखव असं कोण म्हणणार? त्यामुळे खोटं पचलं, आणि पचलं की माणसाला दुसऱ्यांदा बोलताना लाजही वाटत नाही.

खरी गोष्ट एवढीच होती की दुकान नवं होतं तेव्हा वर्ध्याच्या एका इंटरनेट कॅफेत बसून तो मराठी फॉन्ट शोधत होता. विकतचे फॉन्ट परवडण्यातले नव्हते. एका साध्याशा पानावर हा हस्ताक्षराचा फॉन्ट सापडला. त्याने फ्लॉपीत भरून आणला. सोबत एक छोटी चिठ्ठी होती, इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी: फॉन्ट फुकट आहे, पैसे नकोत, यात जे काही छापाल त्याची एक प्रत खालच्या पत्त्यावर पाठवा, एवढंच. हेमराज ती वाचून हसला होता. कॅफेवाल्याला म्हणालाही होता, की हा गडी रद्दीचा धंदा करतो वाटते. खालचं नाव त्याने वाचलं नाही. फुकट ते पौष्टिक, असं म्हणून तो घरी आला, आणि पुढची कैक वर्षं त्या अक्षरावर पोट भरलं तरी एक प्रत काही त्याच्या हातून पोस्टात पडली नाही.

त्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं, रीताचं लग्न ठरलं. शेजारच्या गाळ्यात वडिलांचं, पुंडलिकरावांचं किराणा दुकान होतं. दोन्ही दुकानांत मिळून ही एकच मुलगी, सगळ्यांच्या जिवाची. मुलगा आंजी मोठी या गावचा, नीलेश नावाचा. वर्ध्याला पतसंस्थेत नोकरी, घरी शेती, वडील किसनराव गावात मान असलेले. स्थळ असं की आईनं, शोभाबाईंनी देवाला नारळ आधी फोडला आणि होकार नंतर कळवला. हेमराजने मोठ्या भावाच्या ऐटीत जाहीर केलं की मुलाकडच्याही पत्रिका आपणच करून देऊ. या वेळी उशीर केला नाही. स्वतः गठ्ठे बांधून मोटरसायकलवर आंजीला नेऊन दिले.

पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली, दुसरी गावच्या मारुतीला गेली, आणि नीलेशचे मित्र गठ्ठे घेऊन गावात वाटायला पांगले. हेमराज चहा पीत बसला होता. नीलेशची आजी, धुरपताबाई, खाटेवर बसली होती. सुनेनं तिच्या हातात एक पत्रिका दिली, म्हातारीला गणपतीचं चित्र पाहू द्यावं म्हणून. म्हातारीने चित्र पाहिलं, मग पत्रिका जरा लांब धरली, आणि वाचायला लागली.

“श्री... गजानन... प्रसन्न. आमचे... येथे... कुलस्वामिनीच्या... कृपेने...”

एकेका शब्दावर थांबत, सुरात, शाळेतल्या पोरीसारखी. हेमराजला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण सून दारातच थबकली, आणि किसनरावांचा कप बशीत वाजला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. पेपर येत नव्हता, एसटीची पाटी येत नव्हती, औषधाच्या बाटलीवरचं नाव येत नव्हतं. ती म्हातारी पत्रिका वरून खालपर्यंत, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ या पोराटोरांच्या ओळीसकट वाचून मोकळी झाली. मग पत्रिका छातीशी धरून म्हणाली, “बाई बलावून राह्यली.”

किसनरावांनी तिच्या हातातून पत्रिका घेतली, खिडकीशी नेऊन पाहिली आणि हेमराजकडे वळून हळूच विचारलं, हे अक्षर कोणाचं? आणि जिभेला सवय काय लागते पाहा. हेमराज म्हणाला, “आपलंच.”

किसनराव त्याच्या हाताकडे पाहत राहिले. हेमराज उन्हातान्हाचा घरी परतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलेश नाचणगावला आला. मोटरसायकलला मागे कापडी थैली बांधलेली होती. थैलीत पत्रिका होत्या. आंजीत वाटलेल्या जवळजवळ सगळ्या परत आल्या होत्या. घरात ठेवायला कुणी तयार नव्हतं. लग्नाची हळद लागलेली पत्रिका जाळायची कशी, आणि पाण्यात सोडायची तर धाम नदीच्या पात्रात पाणीच नव्हतं. नीलेश खाली मान घालून सांगत होता आणि रीता काउंटरच्या आतून ऐकत होती.

आंजीच्या शाळेत यशोदाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. तरुणपणी विधवा झालेल्या, एकच मुलगा. किसनरावांच्या पिढीपासून नीलेशच्या पिढीपर्यंत सगळ्या गावाने त्यांच्या हाताखाली पाटी धरली. अक्षर वाकडं आलं की बाई बोटं धरून गिरवून घ्यायच्या, त्यामुळे त्यांचं अक्षर गावात प्रत्येकाला आपल्या आईच्या चेहऱ्यासारखं ओळखू यायचं. पुढे साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा धुरपताबाईही जाऊन बसली. छापील पुस्तक काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. मग बाई तिच्यासाठी रोज हाताने पानं लिहायच्या. म्हातारी ती पानं घडाघडा वाचायची आणि पुस्तक पुढे आलं की पुन्हा आंधळी. बाई गेल्या आणि म्हातारीचं वाचणंही गेलं.

“आनि बाई कशा गेल्या?” हेमराजने विचारलं.

मुलाची वाट पाहून गेल्या, नीलेश म्हणाला. मुलगा तेव्हा परदेशात कामावर होता. त्याला सुट्टी मिळाली नाही, पुतण्याने अग्नी दिला. दहाव्याला पिंड मांडला तर कावळा शिवेना. अर्धा दिवस गाव उन्हात उभं. कुणी म्हणे पोराला आणतो म्हणा, कुणी म्हणे त्याचं लग्न लावतो म्हणा. सगळं म्हणून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मुलगा त्यानंतर आलाच नाही. “निशांत नाव होतं त्याचं,” नीलेश म्हणाला. “म्हून गावात म्हनतात का बाईचा जीव अडकला. आनि आता ते तुमच्या हातात शिरली. तुम्हीच म्हनले ना, अक्षर आपलं हाय म्हून.”

आजीने जेवण सोडलं होतं. बाईंनी बोलावलं, आता मी जातो, एवढंच ती म्हणत होती, पत्रिका उशाखाली घेऊन पडून होती. मेलेल्या माणसाचं बोलावणं घेऊ नये, स्वप्नात हाक आली तरी ओ देऊ नये, हे कोणाला सांगायला नको. आणि इथे तर घरच्या लग्नाचं निमंत्रणच मेलेल्या हाताने लिहून आलं होतं. किसनरावांचा निरोप स्पष्ट होता. हे अक्षर कुठून आलं त्याचा उलगडा होईस्तोवर तारीख धरू नका. आणि म्हातारीचं काही बरंवाईट झालं, तर मग विषयच संपला.

नीलेश गेला. हेमराज कॉम्प्युटरकडे वळला. फॉन्टची यादी उघडली. रोज दहादा ज्या नावावर तो बोट दाबायचा ते नाव त्याने पहिल्यांदा वाचलं. यशोदा. बाहेर रखरखीत ऊन, चौकात टरबुजांची गाडी, रेडिओ चालू, आणि त्याच्या पाठीवरून थंड काही तरी उतरत गेलं. त्याने ती जुनी चिठ्ठी शोधून उघडली. बंगलोरचा पत्ता होता, एक ई-मेल आयडी होता, आणि खाली नाव होतं, निशांत.

भूत म्हणजे पांढरं लुगडं नेसून पिंपळाखाली उभं राहणारी बाई, असंच हेमराजला ठाऊक होतं. हे भूत त्याने स्वतः फ्लॉपीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. आणि मग काय काय लिहून घेतलं होतं त्याने तिच्याकडून! मुंजी, बारशी, तेरवीच्या पत्रिका. ‘शोकाकुल’ म्हणून कितीजणांची नावं. निवडणुकीच्या पत्रकांतले शिव्याशाप. ‘उधार मागून लाजवू नये’. ‘गावरानी कोंबडी मिळेल’. एका मेलेल्या शिक्षिकेला त्याने गावोगावच्या कामाला जुंपलं होतं, आणि वर अक्षर आपलं म्हणून मिरवलं होतं. भिंतीवर नमुन्यादाखल लावलेल्या पत्रिकांकडे त्याने पाहिलं. त्या सगळ्या चढत्या शिरोरेषांतून कुणी तरी आपल्याकडे पाहत आहे असं वाटून त्याने पंखा बंद केला, कागद हलू नयेत म्हणून. मग उकाड्यात घाम पुसत बसला.

शोभाबाईंनी येऊन मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. पुंडलिकराव म्हणाले, नागपूरच्या एका बाबाला दाखवू. रीताला मात्र खरं ठाऊक होतं. ती दुकानात बसायची, फ्लॉपी तिनेही पाहिलेली होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, “दादा, माह्यं लगन मोडलं तं मोडू दे. पन ज्याचं हाय त्याचं नाव तं सांग.”

हेमराजला ते फार लागलं. रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

तो आंजीला गेला आणि किसनरावांच्या अंगणात चार माणसांपुढे कबूल केलं, की अक्षर माझं नाही, कॉम्प्युटरमधलं आहे, फुकटात मिळालेलं, आणि सोबतच्या चिठ्ठीत निशांतचं नाव आहे. कुणी मानलं नाही. बाई कॉम्प्युटरमध्ये कशी शिरेल, त्यांच्या हयातीत गावात कॉम्प्युटर होता कुठे? कुणी कागद-पेन आणून दिलं. हेमराजने लिहिलं. कोंबडीचे पाय कागदावर उमटले. सगळ्यांनी ते निरखून पाहिलं आणि एक म्हातारा समजुतीनं म्हणाला, म्हणजे बाई याच्या अंगात नाही येत, मशीनवरच येते. आतल्या खोलीतून धुरपताबाईचं वाचणं ऐकू येत होतं. शब्द, थांबणं, शब्द. हेमराज तिथून निघाला तेव्हा त्याला पक्कं कळलं होतं की हे ज्याने केलं तो माणूस समोर उभा केल्याशिवाय म्हातारी जेवणार नाही आणि रीताच्या अंगाला हळद लागणार नाही.

वर्ध्याला जाऊन त्याने ई-मेल केली. ती परत आली, असा पत्ताच नाही म्हणून. फॉन्ट जिथे मिळाला होता ते पानही उघडेना. मग उरला पोस्टाचा पत्ता. हेमराज पत्र लिहायला बसला. म्हातारी, कावळा, लग्न, सगळं लिहायला गेला आणि फाडलं. ज्याची आई त्याची वाट पाहत गेली, त्याला हे कोणत्या तोंडाने लिहायचं? आणि इतकी वर्षं ज्याला दोन शब्द लिहायला सुचलं नाही, त्याने गरज पडल्यावर पहिलं पत्र लिहायचं तेही मागण्यासाठी? त्याला स्वतःची किळस आली. शेवटी त्याने थैलीतली एक पत्रिका काढली. तिच्या मागे आपल्याच कोंबडीपायांनी लिहिलं: ‘तुमचा फॉन्ट वापरतो. माझं घर त्याच्यावर चाललं. लोकांना मी माझं अक्षर म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. एक प्रत पाठवा म्हणाले होते, ती पाठवत आहे. उशीर झाला. तुमचे उपकार आहेत.’ खाली दुकानाचा पत्ता. पुलगावच्या पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट केलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. नीलेशचा फोन यायचा, आजीने पाणी घेतलं, आजीने पाणीही घेतलं नाही. नवी कामं आली तर हेमराज दुसऱ्याच फॉन्टमध्ये करू लागला. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, तुमचं ते अक्षर कुठे गेलं म्हणायचं. वीज गेली की काळ्या पडलेल्या पडद्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसायचा, आणि त्याच्यामागे कुणी उभं नाही ना, हे तो वळून पाहायचा. भरदिवसा, चौकात, माणसांच्या गर्दीत.

मग एका सकाळी एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल, चष्मा, खांद्याला बॅग, प्रवासाने चुरगळलेला शर्ट. त्याच्या हातात पत्रिका होती. हेमराज उठून उभाच राहिला.

“ही तुम्ही छापली?” त्याने विचारलं.

हेमराज माफी मागू लागला. त्या माणसाने ती ऐकलीच नाही. आत येऊन तो स्टुलावर बसला आणि भिंतीवरची एकेक पत्रिका वाचत गेला. बारसं वाचलं, मुंज वाचली. कोंबडीची जाहिरात वाचून जरासा हसला.

“पुष्कळ लोकांनी फॉन्ट उतरवून घेतला,” तो म्हणाला. “प्रत कुणी पाठवली नाही. ही पहिली.”

रीताने पाणी आणून दिलं. ते हातात धरून तो हळूहळू बोलत राहिला. आईची पत्रं होती त्याच्याजवळ. तिला लांबलचक लिहिण्याची सवय नव्हती. दर पत्रात तब्येत बरी आहे, आणि मग एकच ओळ, कधी येतोस. ती गेल्यावर ती पत्रं त्याला उघडवेनात. उघडली की तेच. म्हणून त्याने एकेक अक्षर त्या पत्रांतून वेगळं काढलं, जे सापडलं नाही ते जोडून बनवलं, आणि लोकांना देऊन टाकलं. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी कागदावर तिने दुसरं काही तरी लिहावं. काय लिहिते ते आपल्याला एकदा पाहायला मिळावं.

“आणि पहिली प्रत आली,” निशांत म्हणाला, “त्यात पुन्हा तेच. अगत्य यावे.”

हेमराज उठला. त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली. वाटेत त्याने आंजीतली सगळी हकिगत सांगितली. गाव जवळ आलं, शाळेची भिंत दिसली, तेव्हा मागे बसलेल्या माणसाने हेमराजचा खांदा घट्ट धरला, आणि ती पकड किसनरावांच्या अंगणापर्यंत सुटली नाही.

किसनरावांनी त्याला दारातच ओळखलं. बाईंचाच चेहरा होता. गाव गोळा व्हायला वेळ लागला नाही, पण कुणी पुढे येईना, शिव्या द्याव्यात की बसायला सांगावं, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. हेमराजने सगळ्यांपुढे सांगितलं, की हे अक्षर यांनी बनवलं, आपल्या आईच्या पत्रांवरून, आणि सगळ्यांना फुकट दिलं. मी त्यांचं नाव लपवलं. या वेळी लोकांनी ऐकून घेतलं.

आतल्या खोलीत धुरपताबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. निशांत खाटेजवळ खाली बसला आणि आपलं नाव सांगितलं. म्हातारी वळली.

“हे तू लिवलं?” तिने उशाखालून पत्रिका काढली.

“आईनंच लिहिलं, आजी. मी फक्त गोळा केलं.”

“बाई गेल्यावर मले वाचाले काईच नोतं राह्यलं, बापा,” म्हातारी म्हणाली. “सारं गाव वाचे, मी पाहत राहो. तू मले वाचाले देलं. देव तुह्यं भलं करो.”

निशांतने मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्या कामाबद्दल त्याला कुणी आशीर्वाद दिला नव्हता, आणि दिला तो ज्या गावात तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती त्या गावात. आपण हे दोन शब्द त्याच वर्षी लिहिले असते, तर हा माणूस कदाचित तेव्हाच आला असता, असं हेमराजच्या मनात आलं, आणि तो विचार त्याला पुढे जन्मभर पुरला.

म्हातारीने उठून बसायला हात मागितला. मग पत्रिका लांब धरून तिने वाचायला सुरुवात केली. वर्गात बाईंनी शिकवलं होतं तसंच, बाईंच्याच सुरात, शब्दाशब्दावर थांबत. शब्दाच्या शेवटी आवाज किंचित वर न्यायचा, ही बाईंची रीत. म्हातारीचा घोगरा आवाज जसजसा मोकळा होत गेला तसतशी दारातली माणसं एकमेकांना चिकटून उभी राहू लागली. त्यातल्या कित्येकांनी त्या सुरात बाराखडी ऐकली होती. किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. हेमराजने बाईंना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याला वाटलं की आता मान वर केली तर खाटेवर म्हातारी दिसणार नाही. त्याने मान वर केली नाही.

“आपण... सहकुटुंब... सहपरिवार... अगत्य... यावे,” आवाज म्हणाला, आणि थांबला. उत्तराची वाट पाहत असल्यासारखा थांबला.

ओ देऊ नये, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. किसनराव पुढे झाले, निशांतच्या खांद्यावर हात ठेवायला. पण तो आधीच बोलला होता.

“आलो, आई,” तो म्हणाला. “आलो ना.”

मग म्हातारीने पत्रिकेची घडी घातली, ती निशांतच्या हातात दिली आणि सुनेला भाकर मागितली.